घंगाळातलं मिठाचं पाणी

साहेबांच्या व्हरांड्यात भिंतीला लागून एक मोठी काचेची टाकी होती. तिच्या लोखंडी चौकटीचं ड्रॉइंग माझ्या वडिलांनी दोन रविवार बसून काढलं होतं, आणि ते त्यांनी हौसेनं काढलं असं आमच्या घरात म्हणायची पद्धत होती. वडील सरकारी कारखान्यात साहेबांच्या हाताखाली इंजिनियर होते. साहेब आणि काकू पुण्याचे, आम्ही सांगलीकडचे. बेंगळुरात तेव्हा ओळखीची मराठी घरं मोजकी, त्यामुळे महिन्यातून एका रविवारी आम्हाला साहेबांकडे जेवायला बोलावणं असे. बोलावणं म्हणायचं, पण आई तिथं पोळ्या लाटायची आणि मी वाढायची.

टाकीत दोन मासे होते. गुरामी जातीचे, मद्रासहून बोटाएवढे आणलेले आणि आता माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब झालेले. मोठा करड्या रंगाचा होता. कपाळ पुढं आलेलं, खालचा ओठ जाड, एखाद्या रागावलेल्या म्हाताऱ्यासारखा. केळ्याची साल, उकडलेले मटार, पोळीचे तुकडे खायचा, आणि माणसं ओळखायचा. साहेबांनी काचेवर टिचकी मारली की तो पाठ फिरवायचा. अण्णा नुसते दारावरून गेले तरी काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करायचा. पाहुण्यांसमोर असं झालं की साहेब हसत आणि म्हणत, "जनावर आहे ते. जनावरालाच ओळखणार."

अण्णा बेळगावकडचे, पन्नाशीला आलेले. बाग, गाडी धुणं आणि मासे ही त्यांची कामं. बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये एका खोलीत ते बायकोबरोबर राहत. बायकोला दमा होता. आधी ती बनशंकरीच्या देवळापलीकडच्या एका गावात भावाकडे असायची, आणि चुलीच्या धुरानं तिथं मरायला टेकली होती. इथल्या खोलीला मोठी खिडकी होती. "खिडकीवर जगतीय बघा," असं अण्णा कोणालाही सांगत. त्या खिडकीसाठी ते साहेबांचं सगळं ऐकून घेत.

त्या वर्षी दिवाळीनंतर मोठा मासा टाकीतल्या दगडांवर अंग घासायला लागला. मध्येच दचकून उडी मारायचा, की वरचं झाकण वाजायचं. मी वाकून पाहिलं तर त्याच्या खवल्यांवर मसुरीएवढे चपटे, जवळजवळ पारदर्शक ठिपके होते, आणि ते चालत होते.

"उवा झाल्यात माशाला," अण्णा म्हणाले.

"माशाला उवा?" काकू म्हणाल्या. "तुमच्याच डोक्यातल्या उतरल्या असतील."

सगळे हसले. मीही हसले, तोंड मिटून.

त्या उवा कुठून आल्या हे मला माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी दिल्लीचे पाहुणे येणार म्हणून काकूंनी अण्णांना तळ्यातून हिरवी पाणवेल आणायला लावली होती, टाकी शोभिवंत दिसावी म्हणून. अण्णा तेव्हाच म्हणाले होते की तळ्यातलं काही आत नको. मी त्या दिवशी तिथंच ताटं पुसत होते. पण मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. माझा स्वभावच तसा आहे, असं घरात सगळे म्हणतात, आणि या म्हणण्याचा मला बराच उपयोग झाला आहे.

साहेब संत्रं सोलत होते. सोलता सोलताच, वर न बघता, ते अण्णांना म्हणाले, "मासा गेला तर खोली रिकामी करायची. दोघांनी. समजलं?"

"सरी, साहेब," अण्णा म्हणाले, कानडीतलं "बरं".

मग साहेब माझ्याकडे वळले. "तू झूलॉजी करतेस ना? मग कर काहीतरी. का नुसती बेडकं कापता तिकडे?"

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शाळा नन्सची, कॉलेजही मुलींचंच. साहेबांच्या घरी मी कमी बोलायची याचं एक कारण असं होतं, की माझ्या मराठीत इंग्रजी शब्द आला की काकू तो नाकात बोलून दाखवत. मी मान हलवली. वडील माझ्या वतीनं म्हणाले, "करेल की. नक्की करेल."

कॉलेजच्या लायब्ररीत मला एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात या उवेचं चित्र होतं. पोटाखाली दोन गोल चूषकं, मध्ये एक सुई. ती सुई माशाच्या कातडीत खुपसून रक्त पिते, आणि अंडी काचेवर, दगडांवर, ओळींनी चिकटवते. म्हणजे अण्णा रोज सकाळी जे करत होते ते बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं. ते ओल्या फडक्यावर मासा उचलून घेत, आणि तेवढा मोठा मासा त्यांच्या हातात लहान मुलासारखा गप्प राही. ते नखानं एकेक ऊ काढून दगडावर चिरडत आणि त्याला परत पाण्यात सोडत. अंगावरच्या निघत, अंड्यांतून नव्या येत. पुस्तकात दिलं होतं की माशाला वेगळ्या भांड्यात अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवावं, आणि टाकी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवावी. उवा दोन्ही माशांवर होत्या, म्हणून आधी मोठ्याला औषध द्यायचं आणि तो सोसतो असं दिसलं तर पुढच्या रविवारी धाकट्याला देऊन टाकी रिकामी करायची, असं मी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी ठरवलं होतं आणि ते चार माणसं ऐकणार होती.

भांड्याचा प्रश्न निघाला. काकू म्हणाल्या, "माझ्या घरातलं एक भांडं मिळायचं नाही. आणि मागच्या धुण्याच्या टाकीचं नावही काढू नका, माझं सोवळं भिजतं त्यात."

घरी आल्यावर आई म्हणाली, "आपलं घंगाळ देऊ."

ते तांब्याचं घंगाळ आईला माहेरहून मिळालेलं. दिवाळीच्या अंघोळीला तेवढं बाहेर निघायचं, एरवी माळ्यावर पालथं. मासा म्हटल्यावर आईनं नाक मुरडलं, पण साहेबांच्या घरी आपली वस्तू जाणार, काकू ती बघणार, हे तिला जास्त मोठं होतं. शनिवारी दुपारभर तिनं ते चिंचेनं घासलं. आतून, बाहेरून, कड्यांच्या खाचांतून. नव्या पैशासारखं चकाकायला लागलं. जयनगरातून आम्ही ते जटक्यात, तिकडच्या टांग्यात, घालून नेलं. वडील मागे बसून दोन्ही हातांनी धरून होते.

काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "बरंच जुनं दिसतंय." आईचा चेहरा पडला. पण साहेब म्हणाले, "फर्स्ट क्लास." तेव्हा परत उजळला.

मी घंगाळात टाकीतलं पाणी घेतलं, पुस्तकातल्या प्रमाणानं मीठ वजन करून आणलं होतं, ते विरघळवलं. अण्णा शेजारी ओलं फडकं घेऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "अक्का, तांब्यात मिठाचं पाणी कळकतंय. आमच्यात तांब्यात ताकसुद्धा ठेवत नाहीत. तो पलीकडचा मातीचा कुंडा घेऊया की. स्वल्प लहान पडंल, पण चालंल."

हे मलाही माहीत होतं. मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला माहीत असतं की कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट, खारट काही ठेवायचं नाही. पण ते स्वयंपाकघरातलं होतं आणि हे पुस्तकातलं. आणि साहेब बघत होते.

मी म्हणाले, "अण्णा, तुम्हाला मासा प्यायचा आहे का? हा मासा आहे, ताक नाही."

साहेब मोठ्यानं हसले. वडील हसले. काकूसुद्धा हसल्या, आणि माझ्याकडे पहिल्यांदाच बऱ्या नजरेनं बघत म्हणाल्या, "हिला बोलता येतं की." अंगावर ऊन यावं तसं मला वाटलं. अण्णा मान खाली घालून मासा उचलायला गेले.

मी घड्याळ पाहिलं. अण्णांना सांगितलं, "मी सांगेपर्यंत बाहेर काढायचा नाही." आवाज मुद्दाम थोडा चढवून सांगितलं.

मग जेवायला हाक आली. त्या दिवशी मला वाढायला न ठेवता काकूंनी ताटावर बसवलं, साहेबांच्या उजव्या हाताला. "डॉक्टरीणबाई" म्हणून. साखरभात होता. साहेब मला कॉलेजचं विचारत होते आणि मी उत्तरं देत होते, एकेका वाक्यात, पण देत होते. अर्धा तास होऊन गेला ते मला मनगटावर दिसत होतं. उठायचं तर साहेबांना मध्ये तोडावं लागणार होतं.

अण्णा मागच्या दारात आले. "अक्का, मासा आडवा पडतोय."

"जेवताना माशाचं नाव काढू नको," काकू म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "काय करायचं, डॉक्टरीणबाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वेळ केव्हाच संपली, मी विसरले, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "अजून थोडा वेळ."

अण्णा गेले. थोड्या वेळानं परत आले आणि "अक्का" एवढंच म्हणाले. साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "एकदा सांगितलं ना तुला?"

तिसऱ्यांदा ते आले नाहीत.

हात धुऊन आम्ही व्हरांड्यात गेलो तर घंगाळ रिकामं होतं, म्हणजे पाणी होतं आणि मासा नव्हता. अण्णांनी तो उचलून टाकीत परत सोडला होता. तो तळाशी एका कुशीवर होता. अंगावर पांढुरका बुळबुळीत थर आला होता, आणि कल्ले इतके जोरात हलत होते की वाळू उडत होती. अण्णा कोपरापर्यंत हात पाण्यात घालून त्याला उभा धरत होते. सोडला की परत आडवा. उवा मात्र मेल्या होत्या. घंगाळातल्या पाण्यावर तरंगत होत्या.

साहेबांनी खुर्ची मागवली. तिच्यावर बसले आणि बघत राहिले. काकूंनी चहा तिथंच आणला. मासा वर येऊन हवा घ्यायचा प्रयत्न करायचा आणि अर्ध्यातून खाली जायचा. "बघा, कसं तोंड करतोय," काकू म्हणाल्या. चहा संपायच्या सुमाराला तो थांबला. अण्णांनी हात काढला नाही, तेव्हा साहेब म्हणाले, "आता कशाला धरून बसलास? मघाशी धरायचा होतास."

दरम्यान मी घंगाळाकडे पाहिलं होतं. पाण्यावर निळसर झाक होती, आणि पाणी जिथवर होतं तिथं कडेनं हिरवी रेघ धरली होती. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी ते कलंडवलं आणि पाणी क्रोटनच्या वाफ्यात जाऊ दिलं.

साहेबांनी कारखान्यातल्यासारखी चौकशी केली. अण्णा उभे, आम्ही बसलेले.

"तू याला सांगितलं होतंस, मी सांगेपर्यंत काढू नको म्हणून?"

"हो," मी म्हणाले.

"मग काढ म्हणून सांगितलंस?"

"नाही."

"संपलं," साहेब म्हणाले. "ट्रीटमेंट अर्धवट तोडली. डिसिप्लिन नाही, दुसरं काय."

अण्णा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. बस थांब्यावर आपला नंबर यायची वाट बघत माणसं बघतात तसं, आता ही बोलेल म्हणून. दोन्ही उत्तरं खरी होती. मी पदराची किनार सारखी करत बसले.

साहेबांनी एक मेहेरबानी केली. धाकटा मासा बरा होईपर्यंत अण्णांनी खोलीत राहायचं, मात्र टाकीला हात लावायचा नाही. धाकट्यालाही अण्णांशिवाय दिलेलं औषध सोसलं नाही, तर दोष औषधाचा असेल, मग बघू. सोसलं, तर दोष कोणाचा ते सिद्धच झालं. साहेबांना ही रीत फार आवडली. वडिलांना त्यांनी समजावून सांगितली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, इंजिनियरिंगसारखी.

घरी आईनं घंगाळ पाहिलं आणि बोट फिरवलं. "कळकलंय की हे. यात मीठ घातलंस?"

"औषध होतं ते."

तिनं बोट पदराला पुसलं. मग चिंच भिजत घातली आणि म्हणाली, "कोणाला बोलू नकोस. बाबांचं तिथं रोजचं येणंजाणं आहे." वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगितलंस. बरं केलंस."

पुढच्या रविवारी धाकट्याची पाळी होती. आमच्याकडून घंगाळ आलं नाही. आईनं निरोप दिला की कडी निखळली आहे. साहेबांनी काकूंना धुण्याची टाकी द्यायला लावली, आणि काकूंनी त्यातलं सोवळं काढून घेताना मला एक शब्दही न बोलता बरंच ऐकवलं. टाकी सिमेंटची होती, रुंद, खोल.

अण्णा आउटहाउसच्या पायरीवर बसले होते. तेवढ्या अंतरावरून त्यांना सगळं दिसत होतं. आत बायको खोकत होती. सिमेंटची टाकी बघून ते उठून उभे राहिले, आणि मग परत बसले. तेव्हा मला कळलं की त्यांना कळलं.

मी मीठ विरघळवत होते. हातात दोन रस्ते होते आणि मला ते दोन्ही स्पष्ट दिसत होते. मीठ दुप्पट टाकलं असतं, मासा मेला असता, तर दोष औषधावर आला असता आणि ती खोली राहिली असती. एका माशाची किंमत. किंवा उठून साहेबांना सांगायचं, की बदललेली गोष्ट एक नाही, दोन आहेत, माणूस आणि भांडं. हे वाक्य मी इंग्रजीत तयारसुद्धा केलं, व्याकरण तपासून. मग घड्याळ काढून टाकीच्या काठावर ठेवलं आणि पुस्तकात होतं तेवढंच मीठ घातलं. मला ते नीट करून दाखवायचं होतं. त्या वेळी मनात एवढंच होतं, आणि ते लिहायला आज बरं वाटत नाही.

अर्ध्या तासानं मीच मासा काढला. तो माझ्या हातात खूप धडपडला, काट्यानं तळवा कापला. त्याला सकाळीच सिमेंटच्या टाकीत काढलं होतं, तोवर काचेची टाकी घासून, उन्हात वाळवून ताज्या पाण्यानं भरली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं मटार खाल्ले, तिसऱ्या दिवशी साहेबांनी वडिलांना ऑफिसात बोलावून तसं सांगितलं. अंगावर एक ऊ राहिली नव्हती. "अण्णा बाजूला झाला आणि मासा बरा झाला," साहेब म्हणाले. वडिलांनी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "तुझं फार कौतुक केलं."

महिनाअखेरीला आम्ही गेलो तेव्हा आउटहाउससमोर एक ट्रंक आणि एक वळकटी होती. अण्णांनी साहेबांकडे चिठ्ठी मागितली होती, दुसऱ्या घरी काम मागताना दाखवायला. "हिच्याकडून लिहून घेऊ, कॉन्व्हेंटचं अक्षर आहे," साहेब म्हणाले, आणि लेटरहेडचा कागद माझ्यापुढे सरकवला. ते इंग्रजीत सांगत गेले, मी लिहीत गेले. तीनच वाक्यं होती. हा माणूस माझ्याकडे अकरा वर्षं होता. दिलेली आज्ञा मोडून यानं माझ्या एका मौल्यवान प्राण्याचा जीव घेतला. जनावरं, मुलं आणि औषधं याच्या हाती देऊ नयेत. साहेबांनी सही केली. "दे त्याला," म्हणाले. त्यांना वाचून दाखवायची गरज वाटली नाही, आणि अण्णांना इंग्रजी येत नव्हतं.

मी कागद घेऊन मागे गेले. अण्णांनी हात धोतराला पुसून तो घेतला आणि उलटसुलट पाहिला.

"काय लिहिलंय, अक्का?"

"चांगलं लिहिलंय," मी म्हणाले. "इमानी आहे, कष्टाळू आहे. बागेचं काम उत्तम येतं."

"माशाचं?"

"माशाचं काही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "अकरा वर्षं होतो, ते लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"कुठं? बोट ठेवून दाखवा की."

मी बोट ठेवलं. त्यांनी त्या शब्दाखाली अंगठ्याच्या नखानं खूण दाबली, दोनदा, कागद फाटणार नाही इतपत. "जयनगरात एका डॉक्टरांना माळी पाहिजे म्हणतात," ते म्हणाले. "खोलीबी आहे. लोक सगळं वाचत बसत नाहीत हो. त्यांना हेवढं दाखवतो, इथनं पुढं वाचा म्हणतो."

मग त्यांनी खूण वर राहील अशी कागदाची घडी घातली, ती टोपीच्या आत ठेवली, आणि ट्रंक उचलायला वाकून बायकोला हाक मारली.